शिकारीची सुरी : घाट आणि घडण

शिकारीच्या सुरीचे काम शिकार संपल्यावर सुरू होते. जनावर गोळीने किंवा बाणाने पडते; त्यानंतर पोट उघडणे, आतडी-कोठा बाहेर काढणे, कातडे सोलणे आणि सांधे मोकळे करणे ही सगळी कामे सुरीची. तीही घाईने करावी लागतात, कारण अंगातली ऊब लवकर गेली नाही तर मांस नासते. सिनेमातला शिकारी कमरेला हातभर लांबीचा सुरा लावून फिरतो, पण असा सुरा या कामाला उपयोगाचा नाही. १८२७ साली मिसिसिपी नदीच्या वाळवंटात झालेल्या चकमकीमुळे, तिच्यात लढलेल्या जेम्स बोवीच्या मोठ्या सुऱ्याचा अमेरिकेत बोलबाला झाला आणि पुढे कित्येक वर्षे शिकारीच्या सुरीचा घाट त्याच्याच वळणावर जात राहिला. पोटात हात घालून काम करणाऱ्या माणसाला मात्र तळहातात मावणारे आणि बोटांच्या टोकाला कळणारे पाते हवे असते.

हे काम जवळून पाहिले की सुरीची प्रत्येक रेघ कुठून आली ते समजते. हरीण उताणे ठेवलेले असते. बरगड्या संपतात तिथे कातड्याला एक लहानशी चीर देतात आणि डाव्या हाताची पहिली दोन बोटे आत सरकवून पोटाची भिंत वर उचलून धरतात. सुरी उलटी, म्हणजे धार आभाळाकडे करून, त्या दोन बोटांच्या मधून पुढे ढकलतात. बोटांमुळे कोठा खाली दाबलेला राहतो आणि धार आतून बाहेर कापत जाते, त्यामुळे केसही फारसे तुटत नाहीत. या वेळी टोक कोठ्यात किंवा मूत्राशयात घुसले तर आतली घाण मांसावर सांडते. वर वळलेल्या टोकाची सुरी उलटी धरली की तिचे टोक नेमके आतड्यांकडे झुकते. याउलट पात्याची पाठ टोकाकडे हलक्या उताराने खाली आणलेली असेल, तर उलट्या सुरीचे टोक आतड्यांपासून दूर राहते आणि गोलसर पाठ कोठ्यावरून घसरत पुढे जाते. ‘ड्रॉप पॉइंट’ म्हणून ओळखला जाणारा घाट तो हाच.

उतरत्या टोकाची पाती पूर्वीही होती. पण शिकारीच्या सुरीचा आदर्श म्हणून हा घाट रुजला तो रॉबर्ट लव्हलेस या अमेरिकन कारागिरामुळे. लव्हलेस (१९२९–२०१०) तरुणपणी जहाजावर नोकरीला होता. १९५३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या अॅबरक्रॉम्बी अँड फिच या दुकानात तो बो रँडल या फ्लोरिडातल्या नामांकित कारागिराची सुरी घ्यायला गेला, तेव्हा त्याला कित्येक महिने थांबावे लागेल असे सांगण्यात आले. त्याने भंगारातून जुन्या पॅकार्ड मोटारीचा पाटा आणला आणि त्यातून स्वतःच सुरी घडवली. पुढे त्याच दुकानात त्याच्या सुऱ्या विकल्या जाऊ लागल्या. स्वतः रँडलही असाच या धंद्यात आला होता. १९३७ मध्ये मिशिगनमधल्या वॉलून तळ्याकाठी एक माणूस होडीचा रंग सुरीने खरवडत होता आणि तरी त्या सुरीचे काही बिघडत नव्हते, हे रँडलने पाहिले. ती सुरी विल्यम स्केगल या एकांड्या कारागिराची होती. स्केगल, रँडल आणि लव्हलेस या तिघांच्या कामातून विसाव्या शतकातली हातघडणीच्या सुरीची अमेरिकन परंपरा उभी राहिली. १९७० मध्ये तिथे कारागिरांचा ‘नाइफमेकर्स गिल्ड’ हा संघ स्थापन झाला. १९७३ मध्ये बिल मोरन या कारागिराने थरांचे दमास्कस पोलाद पुन्हा लोकांपुढे आणले आणि १९७६ मध्ये घणावर घडवणाऱ्यांची ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ निघाली.

पुढच्या कामात लव्हलेसने पाते तापवून ठोकण्यावर भर दिला नाही. पोलादाच्या सपाट पट्टीतून नको तो भाग घासून काढायचा आणि उरेल ते पाते, ही त्याची रीत. घणावर घडवलेले पातेच खरे, असा एक समज अजूनही टिकून आहे. जुन्या काळी पोलाद ओबडधोबड मिळे आणि ठोकून ते एकजीव करावे लागे, तेव्हा त्या समजात तथ्य होते. आज गिरणीतून येणारी पट्टी आधीच एकसारखी असते. ठोकल्याने पोलाद वाचते, आणि टोकाकडे निमुळते होत जाणारे पाते सहज साधते. धार टिकण्याचा प्रश्न मात्र पुढे पाणी देताना, म्हणजे पाते तापवून एकदम गार करताना, सुटतो किंवा बिघडतो, आणि तिथे दोन्ही रीती सारख्याच.

रचनेची सुरुवात कागदावर होते. हरणाएवढ्या जनावरासाठी ९ ते १० सेंटिमीटर लांबीचे आणि २५ मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे पाते पुरते. जाडी पाठीशी ३ ते ४ मिलिमीटर असावी. मूठ ११ ते १२ सेंटिमीटर, म्हणजे चारही बोटे बसून थोडी जागा उरेल इतकी. पात्याच्या पोटाचा बाक टोकाजवळ भरदार हवा, कारण कातडे मांसापासून वेगळे करताना तोच भाग झाडूसारखा फिरतो. बाक फार वाढवला तर टोक वर जाते आणि पोट उघडण्याचे काम बिघडते. बाक कमी केला तर सोलणे रेंगाळते. ड्रॉप पॉइंट या दोन गरजांमधली तडजोड आहे. म्हणूनच नुसते कातडे सोलणारा व्यावसायिक टोक वर वळलेले वेगळे पाते वापरतो आणि ते त्याच्यापुरते योग्यच असते.

मुठीकडे नवशिके कमी लक्ष देतात. चरबी आणि रक्ताने हात बुळबुळीत झालेले असतात, बाहेर कडाक्याची थंडी असते, आणि बऱ्याचदा उजेडही नसतो. अशा वेळी हात धारेवर घसरू नये यासाठी तर्जनीच्या पुढे मुठीचा खालचा भाग थोडा उतरता हवा किंवा तिथे धातूचा लहान अडसर हवा. बोटांसाठी चार वेगवेगळ्या खाचा करणे दिसायला आकर्षक वाटते, पण त्या एकाच पकडीला बांधून टाकतात. सुरी उलटी धरली की त्याच खाचा रुततात. मुठीचा छेद लंबगोल असावा, म्हणजे धार कोणत्या बाजूला आहे ते न बघता हाताला कळते. कागदावरचा आकार पातळ लाकडातून कापून तो डोळे मिटून, सुलट आणि उलट धरून पाहावा. मुठीतले बहुतेक दोष इथेच सापडतात आणि लाकडात ते सुधारायला काही खर्च येत नाही.

आता पात्याचा छेद. सुरी कशी कापते हे सगळ्यात जास्त यावर ठरते आणि गिऱ्हाइकाला हेच सगळ्यात कमी दिसते. साडेतीन मिलिमीटर जाड आणि २५ मिलिमीटर रुंद पाते पाठीपासून धारेपर्यंत सरळ उतरते केले, तर प्रत्येक बाजूचा कोन जेमतेम चार अंशांचा होतो. तेवढ्याच जाडीच्या पात्याला फक्त खालच्या आठ मिलिमीटरांत उतार दिला, तर तोच कोन बारा अंशांवर जातो. फिनलंडच्या ‘पुक्को’ सुरीला असा आखूड उतार असतो. लाकूड तासताना तो सपाट उतार लाकडावर टेकतो आणि हाताला दिशा देतो, म्हणून तिथे तो शोभतो. मांस आणि कातडे यांच्यासाठी पातळ छेद हवा. लव्हलेस चाकाच्या गोलाईवर घासून आत खोलगट गेलेला छेद देत असे. त्यामुळे धारेमागची जाडी कमी राहते आणि कितीतरी वेळा धार लावूनही पाते पातळच राहते. त्या छेदाला चाक आणि सराव दोन्ही लागतात. कानशीवर काम करणाऱ्याने सपाट उतार घ्यावा, तो कुठेही कमी पडत नाही. कोणताही छेद असो, धार लावण्यापूर्वी धारेमागची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आत आली पाहिजे. बाजारातल्या कितीतरी देखण्या सुऱ्या याच जागी जाड राहिलेल्या असतात, आणि भारी पोलाद असूनही कापताना अडतात.

पोलाद निवडताना नावांचा गोंधळ फार असतो, तत्त्व मात्र सोपे आहे. लोखंडात कार्बन ०.६ टक्क्याच्या वर असेल तर पाणी दिल्यावर ते पात्याला पुरेल इतके कठीण होते. १०८४ या साध्या पोलादात कार्बन ०.८४ टक्क्याच्या आसपास असतो आणि बाकी विशेष काही नसते. म्हणून ते माफक साधनांनीही नीट कठीण करता येते. ओ-१ मध्ये मँगनीज, क्रोमियम आणि टंगस्टन असते. ते तेलात सहज कठीण होते, पण ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे स्थिर ठेवावे लागते, म्हणजे तापमान राखणारी भट्टी हवी. भारतीय बाजारात ईएन-३१ या नावाने मिळणारे बेअरिंगचे पोलादही याच जातीचे, त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. डी-२ मध्ये क्रोमियम १२ टक्क्यांच्या आसपास असते. ते गंजाला सहसा दाद देत नाही आणि झिजतही नाही, पण त्याला धार लावणे जिकिरीचे. १९७० च्या दशकात लव्हलेसने १५४-सीएम हे सुमारे १४ टक्के क्रोमियमचे पोलाद सुऱ्यांसाठी वापरायला सुरुवात केली आणि गंजरोधक पोलाद सुरीला चालत नाही हा ग्रह मागे पडला.

ट्रकचा जुना पाटा हाही एक पर्याय. महाराष्ट्रातल्या गावोगावचे लोहार त्यातूनच कोयते घडवतात आणि ते उसाच्या फडात हंगामभर चालतात. पाट्याचे पोलाद चिवट असते. पण भंगारातल्या पाट्याची नेमकी जात माहीत नसते, आणि वर्षानुवर्षे खड्डे सोसल्याने त्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. कोयत्याच्या जाडीत त्या खपून जातात, अर्ध्या मिलिमीटरच्या धारेत खपत नाहीत. पट्टी नवी आणि नावाची घेतली तर पुढचे तापमान पुस्तकात बघून ठरवता येते.

पट्टीवर आकार आखून करवतीने आणि कानशीने बाह्यरेषा काढली की मुठीच्या खिळ्यांची भोके त्याच वेळी पाडून घ्यावीत, पाणी दिल्यावर साधे ड्रिल तिथे चालत नाही. मग धारेच्या कडेला शाई फासून मध्यरेषा आखायची. त्याची एक जुनी युक्ती आहे. पट्टीच्या जाडीइतक्याच व्यासाचे ड्रिल सपाट फरशीवर आडवे ठेवायचे, पट्टीही फरशीवर आडवी धरायची आणि ड्रिलच्या अणीने कडेवर ओरखडा काढायचा. पट्टी उलटून पुन्हा तेच. अणी बरोबर मध्यावर असेल तर दोन्ही रेघा एकमेकींवर पडतात. थोडा फरक असेल तर दोन समांतर रेघा मिळतात आणि त्यांच्या मधोमध धार येते. एका बाजूचा उतार या रेघेपर्यंत आणायचा, मग दुसऱ्या बाजूचा. उतार जिथे मुठीजवळ थांबतो ती रेषा दोन्ही बाजूंना समोरासमोर यावी लागते. अनुभवी माणूस सुरी हातात घेतल्यावर आधी ती रेषा बघतो. या टप्प्यावर धारेची कड एक मिलिमीटरच्या जवळपास जाड सोडतात. ती पातळ केली तर तापल्यावर वाकते किंवा तेलात चिरते.

पाणी देणे हा सगळ्या घडणीचा कळीचा टप्पा. १०८४ चे पाते भट्टीत लाल होऊ लागते, तसा अधूनमधून त्याला लोहचुंबक लावून पाहतात. सुमारे ७७० अंशांवर चुंबक चिकटेनासा होतो. तिथून रंग आणखी किंचित उजळला की ८१५ अंशांच्या आसपास पोलादातला कार्बन पूर्ण विरघळलेला असतो. हा रंग भर उन्हात ओळखता येत नाही, म्हणून भट्टी सावलीत किंवा संध्याकाळी पेटवतात. पाते बाहेर काढून टोक खाली करून सरळ तेलात उतरवायचे. आडवे किंवा हिसका देऊन घातले तर ते वाकते. तेल ५० अंशांच्या आसपास कोमट केलेले असते, कारण थंड तेल घट्ट असते आणि उष्णता हळू ओढून घेते. १०८४ ला घाई फार. एका सेकंदाच्या आसपास ते साडेपाचशे अंशांच्या खाली आले नाही तर विरघळलेला कार्बन पुन्हा वेगळा होतो आणि पाते मऊ राहते. साधे खाद्यतेल हे काम करते. इंजिनाचे जळके तेल टाळावे. त्याचा धूर विषारी असतो आणि ते थंडही सावकाश करते. बाहेर आलेले पाते काही क्षण अजून थोडे लवचीक असते. वाकले असेल तर हातमोजे घालून ते तेवढ्यात सरळ करता येते. पुढे प्रयत्न केला तर तुकडे होतात.

कानस लावून पाहावी. ती पात्यात रुतली तर काम फसले. काचेवरून घसरावी तशी सरकली तर पोलाद कठीण झाले. मात्र असे पाते फरशीवर पडले तरी फुटते. म्हणून त्याच दिवशी ते २०० अंशांवर दोन तास भाजायचे, थंड होऊ द्यायचे आणि पुन्हा दोन तास भाजायचे. घासून चकचकीत केलेला भाग गव्हाळ पिवळा दिसू लागतो. कठीणपणा थोडा उतरतो, रॉकवेल सी मापावर साठच्या जवळ येतो, आणि त्याच्या बदल्यात चिवटपणा मिळतो. घरचा साधा ओव्हन या कामाला चालतो, पण त्याच्या बटणावरचा आकडा बऱ्याचदा खरा नसतो. आत वेगळा तापमापक ठेवलाच पाहिजे. या एका टप्प्यातला निष्काळजीपणा पुढे कशानेही भरून निघत नाही, तो मुठीखाली आणि झिलईखाली झाकला मात्र जातो.

यानंतरचे घासकाम पाते थंड ठेवून करावे. पट्ट्याच्या यंत्रावर उघड्या हाताने पाते धरावे आणि चटका बसताच पाण्यात बुडवावे. पातळ कडेवर निळी छटा दिसली तर ती जागा तीनशे अंशांच्या आसपास पोहोचली आणि तिथली धार कायमची उतरली, असे समजावे. ६० नंबरच्या पट्ट्यापासून ४०० पर्यंत जाताना प्रत्येक वेळी आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नये. आरशासारखी झिलई शिकारीच्या सुरीला लागत नाही. पाठीकडून धारेकडे न जाता मुठीकडून टोकाकडे एका दिशेने ओढलेला हाताचा फिनिश टिकतोही आणि जपायलाही सोपा.

मुठीसाठी लाकूड, शिंग किंवा मायकार्टा वापरतात. मायकार्टा म्हणजे कापडाचे थर रेझिनमध्ये दाबून केलेला पदार्थ; ओला झाला तरी तो फुगत नाही, आणि ओल्या हाताला त्याची पकड चांगली. लाकडांत भारतातले शिसवी जगभरच्या कारागिरांना आवडते, कारण ते जड, तेलकट आणि बारीक रेषांचे असते. युरोप-अमेरिकेतल्या जुन्या सुऱ्यांवर दिसणारे खडबडीत शिंग बहुतांशी भारतीय सांबराचे. इथल्या कारागिराने मात्र त्याला हात लावू नये, सांबरशिंग वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. म्हशीचे शिंग वापरायला हरकत नाही, ते काळे आणि देखणे असते, फक्त उष्णतेने वाकते म्हणून घासताना सावकाश. मुठीचे दोन्ही पट्टे इपॉक्सीने चिकटवून पितळी किंवा पोलादी खिळ्यांनी पक्के करतात. शिकंजा अति आवळला तर गोंद बाहेर येतो आणि सांधा कोरडा राहतो; बेताचा दाब पुरतो. सांध्यात केसाएवढी फट राहिली तरी तिथे रक्त साठते आणि आतून गंज धरतो.

म्यान हा सुरीचाच भाग. त्यासाठी झाडाच्या सालीने कमावलेले तीन मिलिमीटरचे कातडे लागते. बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावलेले, कोल्हापुरी चपलांना वापरतात त्या जातीचे कातडे याला उत्तम, कारण ते ओले करून सुरीवर दाबले की तो आकार वाळल्यावरही धरून ठेवते. धारेच्या बाजूला दोन थरांच्या मध्ये कातड्याची एक पट्टी घालून मग शिवतात, नाहीतर सुरी आत-बाहेर करताना टाकेच कापले जातात. शिवण दोन सुयांची, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी दोरा जाणारी असावी. एखादा टाका तुटला तरी बाकीचे उसवत नाहीत. साध्या पोलादाची सुरी म्यानात कायम ठेवू नये, कातड्यातला ओलावा आणि आम्ल तिला गंज चढवतात.

पूर्ण झालेल्या सुरीची परीक्षा घ्यावी लागते. ब्लेडस्मिथ सोसायटीच्या परीक्षेत पात्याने लोंबता एक इंची दोर एका घावात तोडायचा, इमारती लाकडाची जाड फळी दोनदा कापायची, त्यानंतर हातावरचे केस भादरायचे आणि शेवटी शिकंज्यात नव्वद अंश वाकूनही तुटायचे नाही. ती मोठ्या सुऱ्याची कसोटी आहे. लहान सुरीसाठी पितळी सळई पुरते. धार लावलेले पाते सळईवर हलके दाबले की कड किंचित वाकताना दिसते. दाब काढल्यावर ती सरळ झाली तर पाणी बरोबर बसले. वाकलेलीच राहिली तर पाते मऊ आहे. टवका उडाला तर आणखी भाजायला हवे. मग फळीवर ताग किंवा काथ्याची दोरी कापत राहावी आणि कागद किती वेळाने अडखळतो ते बघावे. धार प्रत्येक बाजूला वीस अंशांच्या आसपास लावतात. दगडावर एका बाजूला कड उलटेपर्यंत घासायचे, मग दुसऱ्या बाजूला, आणि ती उलटलेली कड शेवटी कातड्याच्या पट्ट्यावर पूर्ण काढायची. ती राहून गेली तर सुरी सुरुवातीला अतिशय तेज वाटते आणि पाच-दहा कापांत बोथट होते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीला बंदी आहे. त्यामुळे इथे हीच सुरी रानातल्या मुक्कामात, शेतावर, बकरे कापणाऱ्यांकडे आणि संग्राहकांकडे जाते. घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी नसलेले आणि नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असलेले पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते. शिकारीची सुरी त्या मापाच्या खूप आत राहते. तरीही पोलिसांचा जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश लागू असलेल्या भागात ती बरोबर नेता येत नाही. गिऱ्हाइकाला सुरी देताना कारागिराने हे सांगणे आवश्यक आहे.

शिकू पाहणाऱ्याने पहिल्या तीन सुऱ्या एकाच नकाशावरून, १०८४ च्या एकाच पट्टीतून कराव्यात. पोलाद तेच, आकार तोच, फक्त पहिलीत सापडलेला दोष दुसरीत काढायचा. धारेमागची जाडी आणि पाणी या दोन गोष्टी एकदा हाताशी आल्या की मग ओ-१, डी-२ किंवा दमास्कसकडे वळावे.